दाणेदार रंगाला पुन्हा तजेला

आज आपण जुन्या गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हणजे दारात उभी असलेली स्कूटी, सासऱ्यांच्या वेळची चेतक किंवा लूना, नाहीतर घरातली जुनी मारुती. लूना आणि बजाज चेतक या दोन्ही गाड्या १९७२ साली पुण्याकडून रस्त्यावर आल्या, आणि काटोलच्या आसपासच्या गावांत आजही एखादी दिसते. शाळा, बचत गटाची बैठक, बागेत डबा पोचवणं, दवाखाना, सगळी धावपळ अशाच गाडीवर होते. इंजिन ठणठणीत असतं, पण रंग विटलेला असतो. मिस्त्री म्हणतो, "ताई, पूर्ण पेंटिंग करून टाका." खर्चाचा आकडा ऐकला की आपण गप्प बसतो.

आमचं सांगणं एवढंच की खर्चाच्या आधी एक गोष्ट ओळखायला शिका. गाडीचा कोणता भाग मुळातच दाणेदार आहे आणि कोणता भाग गुळगुळीत होता पण खराब झाला, हे बघा. दोघांचा इलाज उलटा आहे. गुळगुळीत रंग घासल्यानं चमकतो. दाणेदार रंग घासला की बिघडतो, आणि मग तो पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय उरत नाही.

दाणेदार भाग तीन तऱ्हेचे

पहिला म्हणजे दाणेदार प्लास्टिक. स्कूटीचा फूटबोर्ड, आतलं मडगार्ड, आरशाची पाठ, जुन्या मारुती ८०० चे काळे बंपर. यावर रंग दिलेलाच नसतो. काळा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो.

दुसरा म्हणजे दाणेदार रंग. जीप, व्हॅन यांच्या दाराखालच्या पट्टीला, चाकाजवळच्या पत्र्याला, कॅरियरला किंवा सायलेन्सरच्या जाळीला मुद्दाम जाड, खरखरीत रंग देतात. गिट्टी उडून पत्रा उघडा पडू नये, हा त्याचा हेतू.

तिसरा दाणेदार दिसतो, पण तो दोष आहे. गाडी कुणीतरी आधी रंगवलेली असते आणि पत्र्यावर बारीक खळगे दिसतात. रंगारी याला 'ऑरेंज पील' म्हणतात, म्हणजे संत्र्याची साल. काटोलकरांना हे नाव समजावून सांगायला नको. रंग जास्त घट्ट असला, फवाऱ्याचा दाब कमी पडला, किंवा भर उन्हात काम केलं, तर थिनर आधीच उडून जातं. रंगाला पसरून सपाट व्हायला वेळ मिळत नाही आणि साल तयार होते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या वेळी उघड्यावर रंगवलेल्या गाडीवर अशी साल उठली तर नवल नाही.

ओळखायचं कसं? दिसणार नाही अशा कोपऱ्यात सुईच्या टोकानं अगदी छोटी रेघ ओढा. खालीही तोच रंग दिसला तर ते प्लास्टिक आहे. खाली पत्रा किंवा दुसराच रंग दिसला तर वर रंगाचा थर आहे. दाणे सगळीकडे सारखे असतील तर ते कारखान्यातले. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असतील तर ती फवाऱ्याची साल.

चमक जाते कुठे?

रंगात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे रंगाची पूड, दुसरी तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. उन्हातले अतिनील किरण या चिकट पदार्थाला हळूहळू तोडतात. मग पूड सुटी होते. पांढऱ्या कपड्यानं पुसलं तर कपड्याला रंग लागतो, खडूसारखा. लाल गाडी गुलाबी पडते ती अशीच. काळं प्लास्टिक राखाडी दिसतं, कारण त्याचा वरचा अगदी पातळ थर जळून त्याला बारीक तडे गेलेले असतात.

आणखी एक लक्षात घ्या. सपाट पृष्ठभाग उजेड आरशासारखा एका दिशेनं परत पाठवतो. दाणेदार पृष्ठभाग तो चहूकडे विखुरतो. म्हणून दाणेदार भागात तोंड दिसेल अशी चमक कधीच नव्हती, आणि येणारही नाही. आपल्याला हवा आहे तो गडदपणा. नवी गाडी घेतली तेव्हा जसा होता, तसा.

हा गडदपणा परत येईल की नाही, हे पाण्यानं कळतं. भाग स्वच्छ धुऊन ओला असताना बघा. ओला असताना रंग गडद आणि एकसारखा दिसला, आणि वाळल्यावर फिका पडला, तर खालचा रंग शाबूत आहे. ओला असतानाही डाग दिसले, किंवा वरचा पारदर्शक थर सापाच्या कातीसारखा सुटत असला, तर कुठल्याही पॉलिशनं काम होणार नाही.

धुणं हेच अर्धं काम

दाणेदार भाग फिका दिसतो त्याचं एक कारण ऊन, दुसरं कारण खळग्यांत बसलेली धूळ. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. गाडी उन्हात धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते पांढरे गोल डाग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. काहीजणी पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनचं सोडलेलं पाणी गाडीला वापरतात. पाणी वाचवण्याचा विचार चांगला, पण त्या पाण्यात क्षार अधिकच असतात. ते फरशीला वापरा, गाडीला नको. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी शेवटच्या धुण्यासाठी फार चांगलं.

सकाळी लवकर, सावलीत, गाडी गार असताना काम करा. दोन बादल्या घ्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. कपड्यांची पावडर नको, ती कडक असते. आधी पाणी ओतून माती मऊ करा. मग जुना मऊ टूथब्रश किंवा रंगाचा रुंद ब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून गोल गोल फिरवा, म्हणजे खळग्यांतली घाण वर येईल. तारेची घासणी, काथ्या, राख यांतलं काहीही लावू नका. भांड्याची हिरवी घासणीसुद्धा नको. क्षाराचे डाग राहिलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून कपड्यानं लावा, मिनिटभरात भरपूर पाण्यानं धुवा. उघड्या लोखंडावर किंवा अॅल्युमिनियमवर मात्र ते लावू नका.

बागेत जाणाऱ्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. संत्र्याच्या झाडाला बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं. चुना कमी पडला तर हे मिश्रण लोखंड खातं. म्हणून तर ते तयार झाल्यावर त्यात विळा बुडवून बघतात, विळ्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतात. तेच मिश्रण गाडीच्या टवका उडालेल्या जागी सांडलं तर काय होईल? युरियाचं पोतं फूटबोर्डवर ठेवून आणलं तरी तेच. खत ओल धरतं आणि पत्रा गंजतो. फवारणीहून आल्यावर गाडी त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवा.

काय लावायचं, काय नाही

गुळगुळीत पत्र्याला रबिंग कंपाउंड लावतात. ते दाणेदार भागावर अजिबात नको. दाण्यांची टोकं झिजतात आणि कंपाउंड खळग्यांत वाळून चुन्यासारखं पांढरं दिसतं. घट्ट मेणाचंही तसंच. आधीच कुणी लावून ठेवलं असेल तर कोमट शाम्पूच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून, न घाई करता दोन-तीनदा काढा.

घरगुती उपायांत रॉकेल, डिझेल आणि खोबरेल तेल नेहमीचे. दोन दिवस गाडी काळीभोर दिसते, मग त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्यापेक्षा वाईट दिसते. रॉकेल-डिझेलनं रबर फुगतं, आणि आगीचा धोका वेगळाच. गरम हवेच्या यंत्रानं प्लास्टिक काळं करून देणारेही भेटतात. वरचा थर वितळतो म्हणून ते काळं दिसतं, पण पेट्रोलच्या टाकीजवळ असा प्रयोग कधीच करू देऊ नका.

दाणेदार भागाला पातळ, पाण्यासारखं द्रव लागतं. दुकानात प्लास्टिक-रबरसाठीचं पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन ड्रेसिंग किंवा फवाऱ्याचं पातळ मेण मिळतं. भाग पूर्ण कोरडा झाल्यावर ते थोडंसं मऊ कपड्यावर घ्या, भागावर थेट ओतू नका. ब्रशनं खळग्यांत पोचवा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या सुती कपड्यानं जास्तीचं पुसून घ्या. आपल्या उन्हात ते कायम टिकत नाही. रंग पुन्हा फिका वाटला की पुन्हा लावायचं.

आणि हे नीट ऐका. फूटबोर्डवर जिथे पाय ठेवतो तिथे, सीटवर, हँडलच्या मुठींवर, ब्रेकवर, टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर हे द्रव चुकूनही नको. साडी नेसून मागे लेकराला बसवलेली बाई घसरली, तर त्या चमकेचा काय उपयोग?

रंगच गेला असेल तर

तिसऱ्या तऱ्हेची, म्हणजे संत्र्याची साल उठलेली गाडी असेल, आणि रंगाचा थर जाड असेल, तर १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरनं साबणाच्या पाण्यात घासून, नंतर कंपाउंड लावून ती सपाट करता येते. हे काम चांगल्या रंगाऱ्याकडून करून घ्या. कडांवर रंग पातळ असतो, तिथे दोन हात जास्त पडले की पत्रा दिसतो.

मुद्दाम दिलेला दाणेदार रंग उडाला असेल तर तो घासून सपाट करायचा नाही. गंज काढायचा, प्रायमर द्यायचा आणि वर पुन्हा दाणेदारच रंग, पातळ थरांत द्यायचा. गुळगुळीत रंगाचे थर चढवत गेलं तर खळगे बुजतात आणि तो तुकडा ठिगळासारखा दिसतो.

जुना रंग कोरडा घासू नका, ओला घासा. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली, तीही फक्त घराच्या रंगांना. जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगांत. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक. म्हणून हे काम अंगणात मुलं खेळत असताना नको, गरोदर बाईनं तर नकोच. तोंडाला मास्क बांधा, काम झाल्यावर हात धुवा, कपडे वेगळे धुवा, घासलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

पूर्ण गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. आपल्या एमएच ४० गाड्यांचं हे काम नागपूर ग्रामीण आरटीओकडे होतं. घरच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ती मुदत जवळ आली असेल तर पैसे आधी ब्रेक, दिवे आणि पत्र्यावर खर्च करा, रंगावर नंतर.

चमकेखाली काय आहे ते बघा

धुताना गाडी हाताखालून जाते, त्याचा फायदा घ्या. चेतकसारख्या पत्र्याच्या गाडीत फूटबोर्डच्या पट्ट्यांखाली पाणी साचतं. तिथे खालून बोट फिरवा. रंग फुगलेला वाटला तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हलकेच दाबा. पत्रा दबला किंवा भोक पडलं, तर तिथे वेल्डिंग हवं. पॉलिश करून ते झाकलं तर एक दिवस पाय खाली जाईल.

सेकंड हँड गाडी घ्यायला जाल तेव्हाही हीच नजर ठेवा. काळे भाग तेलकट, जरा जास्तच चकचकीत दिसले तर ओल्या कपड्यानं पुसून बघा. तेल निघालं की खालचे तडे दिसतात. खालच्या पट्टीवर एकाच ठिकाणी दाणे वेगळे दिसले, तर तिथे आधी काय झालं होतं ते विचारा. धुळीनं माखलेली पण पत्रा धड असलेली गाडी, तेल चोपडलेल्या गाडीपेक्षा बरी. धूळ आपण एका सकाळी काढू शकतो.

पुढच्या वेळी गाडी धुवाल तेव्हा एक छोटा तुकडा निवडून सुरुवात करा. आरशाची पाठ घ्या, नाहीतर मडगार्डचा कोपरा. तो जमला की बाकीचं काम सोपं वाटेल.