काटा खोटा बोलू लागला तर

सभासद बंधूंनो, आज विषय उसाचा नाही, जुन्या मोटारीचा आहे. परंतु आपल्यापैकी काहींच्या गोठ्याशेजारी अजून जुनी पेट्रोल जीप किंवा फियाट उभी असते, म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्हाला आलेला अनुभव सविस्तर लिहीत आहोत.

आमचे थोरले बंधू भाईंदर पूर्वेला राहतात. कारखान्याच्या घणघणाटात तीस वर्षे काढल्याने दादांना ऐकू कमी येते. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याला १९६४ पासून निघू लागलेली फियाट डिलाइट ती हीच. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, पण दादांनी गाडी सोडली नाही. इंजिनाची चाल कानाला कळत नाही, म्हणून त्यांनी आर.पी.एम. मीटर वेगळा बसवून घेतला होता. दुसऱ्यांचे कान, तर दादांचा तो काटा!

पॉइंट वारंवार घासून त्रास होई, म्हणून त्यांनी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. गाडी एका चावीत सुरू झाली, पण मीटर मेला. मिस्त्रींनी वायर शोधून पुन्हा जोडली, तर काटा नाचायला लागला. गाडी जागेवर उभी असताना तो १,३०० दाखवी. दादांना वाटले, इंजिन उगाच पळते आहे. त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू सैल करून काटा ९०० वर आणला. दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात नेताना काशीमिऱ्याच्या नाक्यावर, भर पावसात, ट्रक-कंटेनरच्या गर्दीत गाडी बंद पडली. आई मागे बसलेली. मागून हॉर्नचा गोंधळ. दादांना तोही नीट ऐकू येईना. चार पोरांनी ढकलून गाडी कडेला लावली म्हणून निभावले.

रविवारी आम्ही गेलो. "दादा, इंजिन उघडायचे नाही. आधी काट्याची परीक्षा घेऊ," असे सांगितले आणि मिस्त्रींना बोलावून घेतले.

हा मीटर इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही, ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ९०० फेऱ्यांना मिनिटाला १,८०० ठिणग्या. कॉईलच्या ऋण टोकाला दर ठिणगीला विजेचा जो झटका बसतो, तो मीटर मोजतो. दादांच्या मीटरची वायर पूर्वी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पॉइंटच्या वायरीत जोडलेली होती. पॉइंट गेले तशी ती वायर अधांतरी राहिली, म्हणून मीटर मेला. ती कॉईलच्या ऋण टोकाला जोडली हे बरोबरच झाले.

मग काटा का नाचत होता? दोन कारणे सापडली. प्लगच्या वायरी जुन्या, नुसत्या तांब्याच्या होत्या आणि मीटरची वायर त्यांना चिकटूनच नेली होती. दुसरे म्हणजे मीटरचे अर्थिंग रंगावर घट्ट केलेले, उघड्या लोखंडावर नाही. त्यामुळे मीटर खऱ्या झटक्यांबरोबर खोटेही मोजत होता. रोध असलेल्या प्लग वायरी घातल्या, मीटरची वायर दूर नेली, अर्थिंगची जागा खरवडून घट्ट केली. काटा शांत झाला.

तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. प्लगच्या वायरीला चिमटा लावून फेरे मोजणारा हातातला मीटर मिस्त्रींकडे होता. तो लावला. दोन्हींचा आकडा जुळला, तेव्हाच स्क्रूला हात लावला आणि चाल पुन्हा बसवली.

सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे. मीटरवर सिलिंडरची निवड असेल तर ती आपल्या इंजिनाप्रमाणे हवी. सहावर ठेवलेला मीटर चारच्या इंजिनात १,५०० ऐवजी १,००० दाखवतो. काही जुन्या विलायती गाड्यांचे मीटर कॉईलला जाणारा प्रवाह मोजतात. नव्या इग्निशनवर ते बंद पडू शकतात आणि आतून बदलून घ्यावे लागतात. एकाच वेळी अनेक ठिणग्या देणाऱ्या पेटीला मीटरसाठी वेगळे टोक असते, तेच वापरावे. कॉईलच्या मधल्या जाड वायरीला मीटर कधीही जोडू नये. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये, कॉईल तापते. डिझेल ट्रॅक्टरला ठिणगीच नसते, म्हणून त्याच्या काट्याला यातले काही लागू नाही.

आम्ही फडात जातो तेव्हा हॅन्ड रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला आणतो, मगच रसाचा थेंब ठेवतो. तसे न करता ब्रिक्स सांगितले तर कोवळा ऊस तुटेल आणि नुकसान तुमचे होईल. येत्या हंगामात आमचा माणूस तुमच्या बांधावर आला की आधी पाण्याचा थेंब ठेवायला सांगा. त्याला राग येणार नाही.

दादा आता आईला घेऊन बिनघोर जातात. हातातला तसाच एक मीटर त्यांनी विकत घेऊन डिकीत ठेवला आहे.