सूर्याचा गोतावळा (लेखांक 6) : आठ कलांची तफावत

गेल्या आठवड्यात आपण मंगळाला वक्री अवस्थेत सोडून आलो होतो. पृथ्वी आतल्या वाटेने झपाझप पुढे निघून जाते, बाहेरच्या वाटेने रमतगमत चाललेला मंगळ मागे पडतो, म्हणून तो आपल्याला उलटा चालल्यासारखा दिसतो, इथवर आलो होतो. सूर्य मध्ये ठेवला की वक्रीपणाचं कोडं सुटतं. पण सुटतं ते ढोबळ मानाने. मंगळ अमुक दिवशी, अमुक वाजता आकाशात नेमका कुठे असेल हे सांगायची वेळ आली की कोपर्निकसची वर्तुळंही तोंडघशी पडायची. आज त्या चुकीची गोष्ट.

त्याआधी एक काम करा. कोऱ्या कागदाखाली जाड पुठ्ठा घ्या आणि दोन टाचण्या एकमेकींपासून 9 मिलिमीटरवर टोचा. शिवणाच्या दोऱ्याला गाठ मारून फास करा. तो चपटा ताणला तर साडेपाच सेंटिमीटरला किंचित कमी भरला पाहिजे. फास दोन्ही टाचण्यांभोवती टाका, त्यात पेन्सिलीचं टोक अडकवा आणि दोरा ताठ ठेवून एक फेरी मारा. उमटलेली आकृती म्हणजे लंबवर्तुळ, आणि मी दिलेली मापं मंगळाच्या कक्षेच्या प्रमाणातली आहेत.

आता पट्टी लावा. लांबी 10 सेंटिमीटरच्या आसपास येईल आणि रुंदी तिच्याहून जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी. पेन्सिलीला टोक नीट काढलं नसेल तर रेघच तेवढी जाड असते! घरात कुणालाही दाखवा, सरळ गोल म्हणतील. पण टाचण्यांकडे बघा. त्यांतल्या एकीवर सूर्य आहे, आणि ती टाचणी मधोमध नाही, जवळजवळ अर्धा सेंटिमीटर बाजूला आहे. हे मात्र डोळ्याला लगेच कळतं.

म्हणजे मंगळाची वाट दिसायला गोलच आहे, फक्त सूर्य मध्यावर नाही. पृथ्वीची वाट तर याहून गोल. आपल्या बहुतेकांच्या डोक्यात शाळेपासून जी लांबुळकी अंडाकृती बसली आहे, ती भूगोलाच्या पुस्तकातल्या तिरक्या कोनातून काढलेल्या चित्राची देणगी. त्या चित्राने दोन पिढ्यांचं नुकसान केलं असं माझं मत आहे. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ हे उत्तर मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण शेकोटी पेटवून बसलेलो असताना. तेव्हा अंतर 14 कोटी 71 लाख किलोमीटर असतं आणि जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाख. ऋतू येतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. पन्नास लाख किलोमीटरच्या या फरकाचा हिशोब दुसरीकडेच लागतो, आणि तो तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. त्याकडे येऊच.

आधी केप्लर. योहानेस केप्लर 1600 साली प्रागजवळच्या एका किल्ल्यात टायको ब्राहेकडे कामाला लागला. टायको हा डेन्मार्कचा उमराव. दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी, मोठमोठ्या धातूच्या आणि लाकडी कोनमापकांवर नुसत्या डोळ्यांनी त्याने वीसेक वर्षं ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. केप्लरची गत उलटी. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यातून नजर अधू झालेली. त्याला आकाश धड दिसत नव्हतं, पण हिशोब मात्र पक्का. टायकोने त्याला मंगळ दिला, कारण सगळ्यांत छळणारा ग्रह तोच होता. केप्लरने आठ दिवसांत निकाल लावतो अशी पैज मारली. निकाल लागायला पाच वर्षं गेली.

1601च्या ऑक्टोबरमध्ये टायको वारला. वारसांनी इस्टेटीचा हिशोब मांडायच्या आत केप्लरने मंगळाच्या नोंदी ताब्यात घेतल्या. सरळ सांगायचं तर लांबवल्या, आणि पुढे एका पत्रात तसं कबूलही केलं. विज्ञानाच्या इतिहासात इतकी उपयोगी पडलेली चोरी दुसरी नसेल.

या वह्यांचं त्याने जे केलं त्याला तोड नाही. मंगळ सूर्याभोवती 687 दिवसांत एक फेरी पुरी करतो. म्हणजे आज मंगळ जिथे आहे, बरोबर 687 दिवसांनी तो पुन्हा तिथेच असणार. पृथ्वी मात्र तेवढ्या वेळात दोन फेऱ्या पुऱ्या करायच्या बेतात असते, तिला दीडेक महिना कमी पडतो. ती वेगळ्या जागी उभी असते. शेतमोजणीला आलेला माणूस देवळाच्या कळसाकडे बांधाच्या दोन टोकांवरून नेम धरतो आणि दोन कोनांवरून अंतर काढतो, तोच प्रकार. केप्लरने मंगळाला कळस केलं. टायकोच्या नोंदींतून 687 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या जागा वेचून त्याने आधी आपल्याच पायाखालच्या पृथ्वीची वाट आखली आणि तिच्यावर उभं राहून मग मंगळाची.

सुरुवातीला त्यानेही वर्तुळच धरलं होतं. दोन हजार वर्षं सगळ्यांनी तेच धरलं होतं. सूर्य थोडा बाजूला सरकवायचा, वेग कमीजास्त करायचा, हिशोब करायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. असे निदान सत्तर हिशोब त्याने हाताने केले. वाचणाऱ्याला कंटाळा आला असेल तर माझी कीव करा, असंही त्याने पुस्तकात लिहून ठेवलं आहे. अखेर टायकोच्या नोंदींशी दोन कलांच्या आत मेळ बसला. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. केप्लरने सूर्यापासूनची अंतरं पडताळून पाहिली आणि ती बसेनात. अंतरं बसवायला गेला की दिशा चुकायची. चूक किती? 8 कला.

एका अंशात 60 कला. पुनवेचा चंद्र साधारण 31 कला रुंद दिसतो. म्हणजे 8 कला म्हणजे चंद्रबिंबाची चौथाई. कोपर्निकसच्या काळात एवढी चूक कुणी चूक मानलीच नसती. पण टायकोची नजर दोन-एक कलांपेक्षा जास्त चुकत नाही हे केप्लरला ठाऊक होतं. देवाने असा निरीक्षक दिला असताना या 8 कला नजरेआड करणं बरं नव्हे, असं म्हणून त्याने पाच वर्षांतलं बरंच काम फेकून दिलं. वर्तुळ गेलं. मग अंड्याचा आकार आला, एका टोकाला निमुळता, आणि त्यानेही त्याला वर्षभर रडवलं. खगोलाचा गोठा साफ केला पण शेणाची एक गाडी उरली, असं त्याने एका मित्राला कळवलं. 1605 साली लंबवर्तुळ हाती लागलं. पुस्तक छापून यायला 1609 उजाडलं, कारण टायकोचे वारस मध्ये आडवे आले होते. तुमच्या कागदावरच्या आकृतीत लांबीरुंदीचा जो अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

ग्रह कुठून जातो याचं उत्तर झालं. तो कसा जातो, हे केप्लरला त्याआधीच सापडलं होतं आणि मला स्वतःला ते जास्त आवडतं. सूर्यापासून ग्रहापर्यंत दोरी ताणली आहे अशी कल्पना करा. ग्रह पुढे सरकतो तशी दोरी जागा झाडत जाते. सारख्या वेळात झाडलेली जागा नेहमी सारखीच भरते. ग्रह सूर्याजवळ असला की दोरी आखूड, म्हणून तेवढीच जागा झाडायला त्याला जोरात पळावं लागतं. लांब गेला की दोरी लांब, चाल मंद. मंगळ जवळ असताना सेकंदाला 26.5 किलोमीटर धावतो, लांब असताना 22. पृथ्वीचा फरक लहान आहे, 30.3 आणि 29.3.

तेवढा फरक कळणार कसा, असं वाटेल. भिंतीवरची दिनदर्शिका काढा. मिथुन संक्रांत जूनच्या मध्यावर असते, कर्क संक्रांत जुलैच्या मध्यावर. सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात. आता धनु संक्रांत बघा, डिसेंबरच्या मध्यावर, आणि तिच्यापुढची मकर संक्रांत. मध्ये साडेएकोणतीस दिवसही पुरते नाहीत. दोन्ही राशी 30 अंशांच्याच. चालतो सूर्य नव्हे, आपण चालतो, आणि थंडीत जास्त जोरात चालतो.

आता चांद्रमास बघा. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. सूर्य रास बदलायला साडेएकतीस दिवस लावत असेल तर दोन संक्रांतींच्या मध्ये अख्खा चांद्रमास सहज मावतो. म्हणून 2012 साली अधिक भाद्रपद आला, 2015ला आषाढ, 2018ला ज्येष्ठ, 2020ला आश्विन, 2023ला श्रावण आणि 2026ला पुन्हा ज्येष्ठ. यात मार्गशीर्ष किंवा पौष का नाही? कारण तेव्हा पृथ्वी सूर्याजवळून पळत असते, दोन संक्रांतींमधलं अंतर चांद्रमासापेक्षाही आखूड होतं आणि महिना मावतच नाही. उलट क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि एक महिना गळतो. तो क्षयमास, 1963-64 आणि 1982-83मध्ये आला होता. क्षयमास कार्तिक, मार्गशीर्ष किंवा पौषातच येतो असं भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगून ठेवलं आहे. लंबवर्तुळ त्यांच्यापुढे नव्हतं. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते हे मात्र आपल्या गणित्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि ती दुरुस्ती ते मंदफल या नावाने पंचांगात घालत होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे मिळतात. ते पौषात कधीच मिळत नाहीत, याचं कारण त्या बाजूला सरकलेल्या टाचणीत आहे.

राहिला प्रश्न, ग्रह असं का करतात? सूर्यातून चुंबकासारखं काहीतरी निघतं आणि ते ग्रहांना केरसुणीने ढकलल्यासारखं पुढे लोटतं, अशी केप्लरची समजूत होती. ती चूक ठरली. 1684च्या ऑगस्टमध्ये एडमंड हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि त्याने विचारलं, सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या पटीत घटत असेल तर ग्रहाची वाट कशी होईल? न्यूटन म्हणाला, लंबवर्तुळ. कशावरून? हिशोब केला आहे. मग कागद शोधायला गेला आणि कागद सापडेना. ज्याच्या टेबलावर पसारा असतो अशा प्रत्येकाला हा प्रसंग धीर देणारा आहे. त्याने तो हिशोब पुन्हा मांडून नोव्हेंबरमध्ये पाठवला आणि त्यातूनच 1687 साली ‘प्रिन्सिपिया’ झाला.

न्यूटनचा पडताळा चंद्रावरचा आहे. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात 4.9 मीटर खाली येतं. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून फळाच्या साठपट लांब आहे. ओढ वर्गाने घटत असेल तर ती तिथे साठ गुणिले साठ, म्हणजे 3600 पटींनी कमी भरायला हवी. 4.9 मीटरला 3600ने भागा, येतात जेमतेम 1.4 मिलिमीटर. चंद्र सेकंदाला एक किलोमीटर पुढे जाताना सरळ रेषेपासून पृथ्वीकडे तेवढाच झुकतो. तो सतत पडतच असतो, फक्त पुढे जाण्याच्या नादात दर वेळी पृथ्वी चुकवतो. ग्रहांचं सूर्याशी तेच. जवळ येताना उतारावरच्या सायकलीसारखा वेग चढतो, लांब जाताना चढावर दमतो. केप्लरची झाडलेली जागा सारखी भरते ती ओढ नेहमी थेट सूर्याकडेच असते म्हणून, आणि लंबवर्तुळ येतं ते ती वर्गाने घटते म्हणून.

ही ओढ जवळजवळ एकट्या सूर्याची. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी 99.86 टक्के त्याच्याकडे आहे, बाकीच्यांत गुरूने आपल्यापुरता मोठा वाटा मारला आहे. पुढचा लेखांक गुरूचाच. तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत परततो आणि नाशिकला सिंहस्थ भरतो, पण खरा आकडा 11.86 आहे, आणि त्या उरलेल्या फटीतून काय काय होतं ते बघू.

तोवर येत्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की दिनदर्शिकेची मागची पानं उलटा आणि धनु ते मकर किती दिवस होतात ते मोजा. 29 येतील, वेळेच्या हिशोबाने एखाद्या वर्षी 30. मग मिथुन ते कर्क मोजा. फरक निघाला नाही तर मला जरूर कळवा.