एका बोटीचा ताळेबंद

बँकेत उमेदीची वर्षे घालवली की माणसाला एक खोड जडते. भव्य वस्तू दिसली की 'हिचा खर्च भागतो कसा?' हा प्रश्न आधी पडतो. 'फ्रान्स' या बोटीची छायाचित्रे पाहताना माझे तेच झाले.

११ मे १९६० रोजी साँ-नाझेरच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. जनरल द गॉल जातीने हजर होते. नामकरण त्यांच्या पत्नीने केले. लांबी ३१६ मीटर. इतकी लांब प्रवासी बोट पुढे चाळीसेक वर्षे कोणी बांधली नाही. धुराडी तर देखणीच. दोन्ही बाजूंना पंख, आणि धूर त्या पंखांतून बाहेर पडणारा, म्हणजे काजळी डेकवर न पडता परस्पर समुद्रात जावी. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात जिना उतरून यायचे. बाईसाहेबांचा पोशाख साऱ्यांना दिसायला नको का? डिसेंबर १९६२ मध्ये मोनालिसा अमेरिकेला गेली, तीही याच बोटीने.

आता खर्चाची बाजू. १९५८ पासून जेट विमाने काही तासांत अटलांटिक ओलांडू लागली होती. हिला पाच दिवस लागत. तूट सरकार भरून देई. १९७३ मध्ये तेल भडकले आणि पुढच्याच वर्षी सरकारने हात आखडता घेतला. खलाशांनी ल हाव्र बंदराच्या तोंडाशी बोट अडवून धरली, पण उपयोग झाला नाही. पुढची पाच वर्षे ती नुसती बांधून पडली.

१९७९ साली नॉर्वेच्या क्नुत क्लोस्टर यांनी ती १ कोटी ८० लाख डॉलरना घेतली. हा गृहस्थ मला भारी आवडतो. चार मळसूत्री पंख्यांपैकी दोन त्याने काढूनच टाकले. ज्या वेगासाठी बोट जन्मली, तोच सोडून दिला! मायामीहून कॅरिबियन बेटे पाहायला निघालेल्यांना पोहोचण्याची घाई कुठली? तिथल्या लहान बंदरांत ती मावेना, म्हणून प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या दोन मोठ्या नावा डेकवरच ठेवल्या. 'नॉर्वे' या नावाने तिने वीस वर्षांहून अधिक काळ कमाई केली.

पण वाफ निर्माण करणारे बॉयलर जुन्या 'फ्रान्स'चेच होते. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्यावर त्यांतला एक फुटला आणि आठ कर्मचारी प्राणास मुकले. प्रवाशांना घेऊन ती पुन्हा निघालीच नाही.

१५ ऑगस्ट २००६ रोजी भरतीच्या पाण्यावर ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. आता नाव 'ब्लू लेडी'. आग रोखण्यासाठी भिंतींत भरलेले ॲस्बेस्टॉस आता तोडणाऱ्यांच्या फुफ्फुसांत जाणार, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली. ओडिशा-बिहारकडून आलेल्या मजुरांच्या राबत्या हातांनी चालणारा हा किनारा. वर्षभरात बोट संपली. तिच्या नाकाचे टोक तेवढे कापून जपले गेले. २००९ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला आणि २०१८ मध्ये ते ल हाव्रच्या धक्क्यावर, लोकांना पाहायला, उभे केले गेले.