चांदीच्या भांड्यावरचे ठसे

जुन्या इंग्लिश चमच्याच्या दांडीवर किंवा चहादाणीच्या बुडाशी चार-पाच बारीक ठसे ओळीने मारलेले असतात. नुसत्या डोळ्यांना ते ओरखड्यांसारखे दिसतात. भिंगाखाली मात्र भांडे कोणी घडवले, कुठे आणि कधी तपासले, हे त्यांवरून कळते. १३०० साली राजा पहिला एडवर्ड याने हजारी ९२५ भागांचा स्टर्लिंग कस सक्तीचा केला आणि तपासलेल्या मालावर बिबळ्याच्या मुखाचा ठसा ठरवून दिला. गिऱ्हाइकाला स्वतः कस लावता येत नाही, त्याच्यासाठीच ही सारी खटपट.

पंजा उचलून चालणारा सिंह ही इंग्लंडमधल्या स्टर्लिंगची खूण. १६९७ ते १७२० या काळात नाणी वितळवणे थांबावे म्हणून भांड्यांचा कस ९५८ वर नेला होता. त्या मालावर सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप, दिसते.

मग गाव पाहावे. बिबळ्या लंडनचा, किल्ला एडिंबराचा, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि १९७४ पर्यंत मुकुट शेफील्डचा. शेवटच्या दोन गावांना तपासणी कचेरी १७७३ साली मिळाली. त्याआधी बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांना आपला माल दूर चेस्टरला धाडावा लागे. कचेरीसाठी पार्लमेंटात त्यांनीच नेट लावला.

खरी कसोटी वर्षाच्या अक्षराची. ते दरवर्षी बदलते आणि १९७४ पर्यंत प्रत्येक गावाची मालिका वेगळी असे, म्हणून गाव ठरल्याशिवाय अक्षराला हात लावू नये. लंडनमध्ये वीस अक्षरे संपली की वळण बदलून पुन्हा ‘ए’ येई. तरीही लहान लिपीतला ‘ए’ १७७६ लाही सापडतो आणि १८१६ लाही. अशा वेळी राजाचे मुख शोधावे. कर भरल्याचा हा ठसा १७८४ ते १८९० मध्येच मारला जाई. तो असेल तर चमचा १८१६ चा.

उरली कारागिराची आद्याक्षरे. वळणदार ‘एचबी’ म्हणजे हेस्टर बेटमन. पतीच्या निधनानंतर या बाईंनी १७६१ साली स्वतःचा ठसा नोंदवला. ‘ईपीएनएस’ दिसले, तर तो चांदीचा नुसता मुलामा.

लबाडीही जुनीच. लहान भांड्यावरचा ठसा कापून मोठ्यात बसवत. ठशावर तोंडाची वाफ सोडली की झाळलेल्या सांध्याची रेघ बऱ्याचदा उमटते.

ब्रिटिश हिंदुस्थानात अशी तपासणी नव्हती. तिथल्या भांड्यांवर पेढीचे नाव किंवा कारागिराची अक्षरे तेवढी मिळतात. कच्छच्या दाट वेलबुट्टीखाली ‘ओएम’ असेल, तर ते काम भूजच्या उमरसी मावजींचे.