भूकंपाने वेड लागतं का?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून, दमून झोपलेली गावं पहाटे चारच्या सुमारास हादरली. मराठवाड्यातल्या किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद, यांखालीच माणसं गाडली गेली. मृतांचा आकडा कोणी आठ हजारांच्या आसपास सांगतो, कोणी दहा हजारांच्या जवळ. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

घरं किती पडली, जनावरं किती मेली याचे पंचनामे झाले. मनाचा पंचनामा मात्र गावाने स्वतःच उरकून टाकला : ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झाला.’ रात्री घरात झोपायला घाबरणारी बाई, चार दिवस न झोपता जमिनी विकत घ्यायला निघालेला गडी आणि भिंतीतून आवाज ऐकणारा विशीतला पोरगा, तिघांनाही हेच एक वाक्य लागू झालं. उपचारांबद्दलचे बहुतेक गैरसमज या सरमिसळीतूनच निघालेले आहेत.

गैरसमज : भूकंपाने गावंच्या गावं वेडी झाली

हा प्रश्न तेव्हाच तपासला गेला, ही मराठवाड्याबाहेर फारशी माहीत नसलेली गोष्ट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला, त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. होय, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस. पेशाने ते मानसोपचारतज्ज्ञ. दुसरा एक छोटा अभ्यास १९९६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित मनोविकार नियतकालिकात छापून आला. भूकंपानंतर महिनाभराने तपासलेल्या ४२ प्रौढांपैकी ५९ टक्के लोकांमध्ये निदान करण्याजोगा मनोविकार सापडला. स्त्रियांमध्ये आणि ज्यांचं घरदार गेलं त्यांच्यात प्रमाण जास्त.

४२ हा आकडा लहान आहे. त्यावरून अख्ख्या तालुक्याचा हिशेब मांडू नये. पण ज्यांना आजार होता त्यांना कोणता होता, हे महत्त्वाचं. बहुतेकांना नैराश्य तरी होतं किंवा आघातानंतरचा तणाव विकार तरी. भिंतीतून आवाज ऐकू येतात तसल्या स्किझोफ्रेनियाची साथ आली नव्हती.

आघातानंतरचा तणाव विकार म्हणजे ती रात्र पुन्हापुन्हा अंगावर येणं. वाऱ्याने पत्रा वाजला की छातीत धस्स होतं. सिमेंटचं पक्कं घर मिळालं तरी अंथरूण अंगणात किंवा शेडमध्येच. पहाटे चारला आपोआप जाग. जिथे घर होतं त्या वाटेने जायचंच नाही. याला वेड म्हणणं चूक आहे आणि ‘होईल आपोआप’ म्हणून वर्षानुवर्षं सोडून देणंही चूक. बऱ्याच जणांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा ठाण मांडून बसतो. त्यांच्यासाठी ठरावीक पद्धतीचे मानसोपचार आहेत, गरज पडली तर औषधंही.

स्किझोफ्रेनियाची गोष्ट वेगळी. तो बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात त्याच्याशी संबंधित २८७ जागा मानवी जनुकसंचात सापडल्या. मोठ्या गावात कोणत्याही वर्षी एखाद-दुसऱ्या तरुणाचा हा आजार सुरू व्हायचाच. ते वर्ष ९३-९४ असेल, तर घरच्यांनी भूकंपाला दोष देणं स्वाभाविक आहे. भूकंपाचा दोष अजिबात नाही असंही नव्हे. ज्यांना आधीपासून आजार आहे, त्यांच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली जातात, दवाखाना बंद पडतो, झोप उडते. उदासी आणि उन्माद आलटूनपालटून येणाऱ्या बायपोलर आजारात तर सलग काही रात्री झोप बुडाली की तेवढ्यानेही उन्मादाचा झटका येऊ शकतो.

गैरसमज : अशा माणसाला रडवायला हवं

आपत्तीनंतर मदतीला येणाऱ्या शहरी मंडळींमध्ये हा फार. गोल करून बसवायचं आणि कोण कसं गेलं ते एकेकाकडून वदवून घ्यायचं. हेतू चांगला, पण संशोधनाचा कौल उलटा आहे. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावल्याने पुढचा तणाव विकार टळतो, असं दिसलेलं नाही. काहींना त्याने जास्तच त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी सुरक्षित जागा, अन्नपाणी, नातेवाइकांशी गाठ आणि बोलावंसं वाटलं तर ऐकून घेणारं माणूस, एवढ्यावर भर देते. तेराव्याला आलेल्या बायका गप्प बसून भाकरी वाढतात, त्यात बरंच शहाणपण आहे.

गैरसमज : गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत

इथे अर्धं खरं आहे, म्हणून समज घट्ट बसला आहे. वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय दुकानातून घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची सवय खरोखरच लागते. नैराश्याच्या औषधांची तशी ओढ लागत नाही, आणि नशाही येत नाही. त्यांचा गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. लोक दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात, किंवा बरं वाटलं म्हणून एकदम थांबवतात, मग चक्कर, अस्वस्थपणा आणि पुन्हा आजार. थांबवायच्या असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायच्या.

दुसरं, या वेगवेगळ्या आजारांना एकच गोळी नसते. बायपोलरचा रुग्ण उदासीच्या काळात दवाखान्यात आला आणि आधीच्या उन्मादाबद्दल घरच्यांनी सांगितलंच नाही, तर नुसतं नैराश्याचं औषध दिल्याने काहींमध्ये उन्माद उसळतो. म्हणून ‘मागे एकदा फार खर्च केला होता, झोपतच नव्हता’ हे लाज न धरता सांगावं.

बायपोलरवर लिथियम हे जुनं, स्वस्त आणि आजही पहिल्या रांगेतलं औषध आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव वर आहे. पण त्याला रक्ततपासणी लागते, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याच्याशी जुळत नाही. एप्रिल-मेमध्ये रानात घाम गाळला, पाणी कमी पडलं, हगवण लागली, किंवा कुणी अचानक मीठ बंद केलं, की रक्तातलं लिथियम वाढतं. सांधेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि रक्तदाबासाठीच्या लघवीच्या गोळ्याही ते वाढवतात. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, झोकांड्या किंवा जिभेला जडपणा आला, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही माहिती कागदावर लिहून माजघरात चिकटवली तरी चालेल.

गैरसमज : शॉक म्हणजे शिक्षा

सिनेमाने केलेलं नुकसान. विद्युत उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाले तेव्हा भुलीशिवाय देत, हे खरं. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच ते देतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भुलीशिवाय देणं बेकायदा आहे. काही काळापुरतं विसरायला होतं, हा खरा दुष्परिणाम. पण ज्याने अन्नपाणी सोडलं आहे, जो स्वतःच्याच जिवावर उठला आहे, त्याच्यासाठी आजही इतक्या लवकर गुण देणारे उपाय थोडे आहेत.

गैरसमज : बाहेरचं झालंय, त्याला इंग्रजी औषध लागू पडत नाही

भानामती हा तर आपल्या भागाचा खास विषय. ती उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि ‘इंग्रजी औषधा’चं म्हणाल, तर एक मजेची नोंद. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम छापून मांडला. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते जगभर स्किझोफ्रेनियावर वापरलं गेलं. दुष्परिणाम कमी असलेली औषधं आली तसं ते मागे पडलं. झाडपाला आपला होता म्हणून कोणी त्याला सूट दिली नाही.

गैरसमज : तज्ज्ञ लातूरला, मग गावात काय होणार?

याचं उत्तर आपल्याच शेजारी शोधलं गेलं आहे. गोव्यात स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन करून घेतलं. २०१७ साली छापलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के सावरले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, गावातच मदत पोहोचवणाऱ्या ‘विश्राम’ उपक्रमापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं.

स्किझोफ्रेनियाचा निकाल इतका चकचकीत नाही, तोही सांगितला पाहिजे. गोवा, तामिळनाडू आणि सातारा (तिथे ‘परिवर्तन’ संस्था) अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, दवाखान्यातल्या उपचारांना घरी येणाऱ्या कार्यकर्त्याची जोड दिल्याने लक्षणं आणि परावलंबन कमी झालं, पण बेताचंच. गोळ्या मात्र चालूच ठेवाव्या लागतात. कार्यकर्ता त्यांची जागा घेत नाही.

मराठवाडा-विदर्भात शेतकरी कुटुंबांसाठीच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताई घरोघरी जाऊन नैराश्याचे प्रश्न विचारतात. ‘कुणी आलंय सर्व्हेला’ म्हणून त्यांना ओसरीतूनच वाटेला लावू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना झोप कधीपासून बिघडली, घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का, हे लिहून न्यावं. आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची, रक्तदाबाच्या आणि गुडघेदुखीच्या सुद्धा, रिकामी पाकिटं फेकू नयेत. पिशवीत भरून सोबत न्यावीत.