असं का होतं? : फाटकाला आधी टाके कशाला?

फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी फाटक जोडताना कारागीर एकही सांधा सलग भरत नाही. आधी गुण्या लावून चारही कोपऱ्यांना वेल्डिंगचे छोटे टाके मारतो, दोन्ही कर्ण मोजतो आणि मगच समोरासमोरचे सांधे आळीपाळीने भरतो.

कारण आहे उष्णता. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. सांध्यात भरलेला हा रस थंड होताना आकसतो आणि शेजारची पट्टी आपल्याकडे खेचतो. शिवणीचा दोरा ओढला की कापड चुणतं, तशी चौकट वाकते. टाके ही ओढ थोपवून धरतात, तर आळीपाळीने भरल्यामुळे दोन्हीकडची ओढ बरीचशी तोलली जाते.

मीटरभर पोलाद १०० अंशांनी थंड झालं, तर जेमतेम १.२ मिलिमीटर आकसतं. पण कडी-कोयंडा न जुळायला तेवढंही पुरतं.