टी-पेशींत नवे जनुक कसे घालतात?

मानवी टी-पेशींत बाहेरचे जनुक पोचवण्यासाठी प्रयोगशाळेत बहुधा लेंटिव्हायरस वापरतात. हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. मात्र त्याची स्वतःची संख्या वाढवणारी जनुके आधीच काढून टाकलेली असतात. त्यामुळे तो जनुक पेशीत सोडतो, पण पुढे पसरत नाही.

प्रथम रक्तातून टी-पेशी वेगळ्या करतात. त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी3 आणि सीडी28 या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे घालून त्यांना सक्रिय करतात, कारण सुप्त पेशींत जनुक सहजी शिरत नाही. मग विषाणू मिसळतात. तो आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून पेशीच्या गुणसूत्रात जोडतो. म्हणून पेशीविभाजनानंतरही नवे जनुक टिकते. पेशी 37 अंश सेल्सिअसला, वाढीला चालना देणारे इंटरल्युकिन-2 हे प्रथिन देऊन वाढवतात. शेवटी किती पेशींवर नवे प्रथिन उमटले, हे फ्लो सायटोमीटरवर मोजतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेली नेक्सकार19 ही उपचारपद्धती याच तंत्रावर उभी आहे. तीत रुग्णाच्याच टी-पेशींना, बी-पेशींवरचे सीडी19 हे प्रथिन ओळखणारा ग्राही बनवणारे जनुक देतात. मग त्या कर्करोगग्रस्त बी-पेशींना नेमक्या गाठतात. ऑक्टोबर 2023मध्ये तिला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. परदेशी उपचारांपेक्षा तिचा खर्च बराच कमी आहे, आणि भारतीय रुग्णांसाठी हीच तिची सर्वांत मोठी देणगी आहे.